मधुबालाच्या कबरीचं टिपण कुठे आहे?

प्रति,
मा. विश्वस्त, जुहू मुस्लिम कब्रस्तान, सांताक्रूझ (पश्चिम)
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका
मा. मंत्री, सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

तिघांना एकाच पत्रात लिहितोय, कारण या प्रकरणात जमीन एकाच्या ताब्यात आहे, कर्तव्य दुसऱ्याचं आहे आणि मिरवायचा मान तिसऱ्याचा आहे. पत्र खुलं ठेवलंय, कारण बंद पाकिटांचं काय होतं ते मी सरकारी नोकरीत ३४ वर्षं आतून पाहिलंय.

मी भूमी अभिलेख खात्यातला निवृत्त भूकरमापक. गावाकडे आम्हाला मोजणीदार म्हणतात. बांध कोरला म्हणून दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उभे, मध्ये मी आणि माझी ३३ फुटी शंकू साखळी, अशा उन्हांत माझं आयुष्य गेलं. त्या कामातली एक गोष्ट अंगात मुरली आहे. शेतातला हद्दीचा दगड कोणी उपटून विहिरीत टाकला तरी आमचं अडत नसे. जुनं टिपण, म्हणजे मोजणीच्या वेळी मापांसकट केलेली नोंद, काढायचं, दोन पक्क्या खुणांपासून माप धरायचं आणि दगड जिथे होता तिथे, वीतभरही इकडेतिकडे न होता, नवा दगड रोवायचा. शंभर वर्षांपूर्वीचं टिपणसुद्धा चालतं. ते नसलं तर मात्र मोजणीदार आणि वाटसरू यांत फरक उरत नाही.

म्हणून माझा प्रश्नही मोजणीदाराचाच आहे. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी वारलेल्या मधुबाला यांची संगमरवरी कबर जुहूच्या कब्रस्तानात होती. २०१० साली ती काढली गेली. काढण्याआधी तिचं टिपण झालं होतं का? झालं असेल तर ते कुठे आहे?

आता हा विचारणारा कोण, तेही सांगतो.

माझी थोरली बहीण जन्मतःच निळसर होती. नखं निळी, ओठ निळे. पार्ल्यातलं आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, आणि शाळेतून आली की ताई जिन्यात तीनदा बसायची. डॉक्टर म्हणाले, हृदयाला भोक आहे. तेव्हाच्या मुंबईत आमच्यासारख्यांना यावर काही करण्याजोगं नव्हतं. वडील मिलमध्ये टाइमकीपर. आईनं त्यातून स्वतःपुरता अर्थ काढला होता: आपण गरीब, म्हणून पोर जाणार. ती हे बोलायची नाही, पण हातातल्या दोन बांगड्या रोज मोजायची. त्या विकून काय होईल याचा हिशेब.

मधुबाला गेल्या तेव्हा ताई १४ वर्षांची होती. वर्तमानपत्रात आलं की त्यांनाही हृदयाला भोक होतं, लंडनला जाऊनही उपाय झाला नव्हता, आणि वय अवघं ३६. आईनं तो कागद कापून देवघरातल्या पोथीत ठेवला. ती वडिलांना म्हणाली, "तिच्याकडे पैसा होता, नाव होतं, लंडनचा डॉक्टर होता. तरी नाहीच ना वाचली? मग आपलं काही चुकत नाहीये." हे वाक्य मी दाराआडून ऐकलं. त्या रात्री आई किती दिवसांनी तरी झोपली.

ताईला मात्र वेगळंच पडलं होतं. आईनं 'मुघल-ए-आझम' मराठा मंदिरला पाहिला होता आणि घरी साग्रसंगीत सांगितला होता. चित्रीकरणात अनारकली झालेल्या मधुबालांच्या अंगावरच्या साखळ्या खऱ्या लोखंडाच्या होत्या, हेही कुठूनसं कळलेलं. ताई विचारायची, "भोक असताना तिनं त्या ओढल्या कशा?" मग जिना चढताना स्वतःच पुटपुटायची, "साखळ्या तरी नाहीत मला." ताई १९७२ साली गेली. अस्थी रामकुंडात सोडल्या. आमच्या रीतीप्रमाणे तिची पृथ्वीवर कुठे जागा उरली नाही, आणि त्याबद्दल आमची तक्रारही नाही.

पण वडिलांना जागा हवी होती. पुढच्या २३ फेब्रुवारीला ते गुलाब घेऊन जुहूच्या कब्रस्तानात गेले. आई सोबत होती, पण बायकांनी आत जाऊ नये असा रिवाज म्हणून ती फाटकाशी थांबली. तिथल्या कोणी वडिलांना विचारलं नाही की हिंदू माणूस इथे कशाला. उलट कबरी खणणाऱ्या एका म्हाताऱ्या गोरकनानं पाण्याची बादली दिली, म्हणाला धूळ बसली असेल, पुसून घ्या. कुराणातल्या आयती कोरलेला तो पांढरा दगड वडिलांनी रुमालानं पुसला, फुलं ठेवली आणि ते परत आले. हा नेम १९९४ पर्यंत त्यांचा, पुढे माझा. कुणाच्या नावानं फुलं ठेवतोय हे आम्ही घरात कधी उघड बोललो नाही.

२०१० साली बातमी वाचली. फुलं घेऊन गेलो. ओळखीची पायवाट होती, ओळखीची कबर नव्हती. एका तरुण गोरकनाला विचारलं. त्यानं हातानं दोन खोल्यांएवढी जागा दाखवली आणि म्हणाला, "यहीं कहीं थी." उभ्या नोकरीत मी कोणत्याही शेतकऱ्याला 'इथेच कुठेतरी' असं उत्तर देऊन परतलो नव्हतो. त्या दिवशी फुलं एका झाडाच्या बुंध्याशी ठेवली. झाड कोणतं तेही नीट आठवत नाही.

माझी गाऱ्हाणी आता क्रमानं मांडतो. त्याआधी एक खुलासा. हे पत्र हातात घेऊन कोणी 'बघा, हे लोक आपल्याच माणसांची काय गत करतात' असं म्हणत नाचणार असेल तर त्यानं ते इथेच खाली ठेवावं. आपल्या फाळक्यांच्या नावाचं नाशिकचं स्मारक वर्षानुवर्षं दुरवस्थेच्या बातम्यांतच भेटतं, तेव्हा आपण काय केलं ते आधी आठवावं. शिवाय कब्रस्तानाची अडचण मला पटते. पटते म्हणूनच पुढचं लिहितोय.

ती अडचण अशी. माझी साखळी चारी बाजूंनी एकेकदा टाकली की ३३ गुणिले ३३, म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. एका कबरीला सात फूट लांबी आणि आजूबाजूची पायठेव धरून चार फूट रुंदी द्या. गुंठ्याला ३८ कबरी झाल्या की जमीन संपली. रस्ता, झाडं, नमाजेची जागा, पाण्याची टाकी हे अजून धरलंच नाही. कब्रस्तानाच्या भिंती सरकत नाहीत, भोवतालची वस्ती वाढत जाते आणि मय्यत तर थांबवता येत नाही. पक्क्या कबरी काढून, वर माती घालून तीच जागा पुन्हा वापरण्यावाचून विश्वस्तांना दुसरा मार्ग नव्हता, हे गणित कोणालाही सुटेल. शरियतमध्ये कबरीवर पक्कं बांधकाम नापसंत आहे, हे दुसरं कारण तेव्हा वाचनात आलं. तेही मान्य. संगमरवर परत बसवा असं मी म्हणत नाही. चौथरा, जाळी, पुतळा यातलं काही मागत नाही.

विश्वस्त साहेब, पहिलं गाऱ्हाणं आपल्याकडे. दगड काढणं आणि ठिकाण पुसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधुबाला एकट्या नव्हत्या. मोहम्मद रफी, साहिर लुधियानवी, नौशाद, तलत महमूद, परवीन बाबी यांच्या कबरींचीही तीच गत झाली. रफींचे चाहते आजही ३१ जुलैला पुण्यतिथीला आणि २४ डिसेंबरला जयंतीला येतात आणि एका नारळाच्या झाडावरून अंदाज बांधतात. ज्या आवाजानं या देशाला पहाटेची भजनंही दिली आणि रात्रीच्या कव्वाल्याही, त्याचा पत्ता आज एका माडाच्या भरवशावर आहे. समुद्रकाठचा माड! एखाद्या जूनमध्ये वाऱ्यानं पडला की तोही पत्ता गेला. काढण्याआधी प्रत्येक कबरीचं, कुंपणाच्या दोन कोपऱ्यांपासून, फक्त दोन आकड्यांचं माप लिहून ठेवलं असतं तर ही वेळ आली नसती. त्याला खर्च येत नाही. एक टेप, एक वही आणि एक दुपार लागते. असं माप तेव्हा घेतलं असेल तर ते लोकांसमोर ठेवा, हा परिच्छेद मी जाहीरपणे मागे घेईन. माझ्या पाहण्यात तरी ते आलेलं नाही.

धर्माचं बोलण्याचा मला अधिकार नाही, म्हणून मी शिकलेल्यांना विचारलं. त्यांनी अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहातली एक नोंद दाखवली. पैगंबरांचे सहकारी उस्मान बिन मजऊन यांच्या दफनानंतर पैगंबरांनी स्वतः एक दगड उचलून आणला आणि कबरीच्या उशाशी ठेवला, आपल्या भावाची कबर ओळखता यावी म्हणून. मी ते तीनदा वाचून घेतलं. बांधकाम नको, पण ओळख हवी. आम्ही मोजणीदार त्या दगडाला खुणेचा दगड म्हणतो. अर्थ लावणं उलेमांचं काम, माझं नाही. पण साधी खूणही चालणार नाही असं कोणी म्हणालं, तर निदान या नोंदीबद्दल काय म्हणायचं ते सांगावं.

जागा पुन्हा वापरूनही नाव राखता येतं, हे याच शहरात दिसतं. मुंबईतल्या कितीतरी चर्चच्या आवारात जमीन अशीच अपुरी आहे. काही वर्षांनी अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, कोनाड्याच्या तोंडावर नाव आणि साल. पलीकडे माझगावला रहमताबाद कब्रस्तानात मीनाकुमारी आहेत, शेजारी कमाल अमरोही. त्यांची जागा विचारत जावं लागतं, पण सापडते. आणि खांडव्याला? मधुबालांचे पती किशोरकुमार गेले १३ ऑक्टोबर १९८७ ला मुंबईत, पण त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना खांडव्याला नेलं. तिथे समाधी आहे, चाहते दूध-जिलेबीचा नैवेद्य घेऊन जातात. मी एकदा भुसावळहून मुद्दाम गेलो होतो. नवऱ्याच्या समाधीवर जिलेबीला मुंग्या लागलेल्या पाहिल्या आणि बायकोला फुलं ठेवायलाही ठिकाण नाही, हे डोक्यातून जाईना.

दुसरं गाऱ्हाणं सरकारकडे, आणि ते थोडक्यात आटपतो, कारण त्यात गुंतागुंत काहीच नाही. २००८ साली मधुबालांचं टपाल तिकीट निघालं. त्यानंतर दोनच वर्षांत कबर गेली, आणि त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं कोणत्याही सरकारातल्या कोणाला वाटलं नाही. वांद्र्यात रफींच्या नावाचा चौक आहे. ७ जुलै २०२१ ला दिलीपकुमारांना याच कब्रस्तानात शासकीय इतमामात निरोप दिला. इतमाम करणाऱ्यांपैकी कोणी आजूबाजूला पाहून विचारलं का, की यांच्यासोबतची ती कुठे आहे? ज्या दोघांना पडद्यावर बघायला माणसं मराठा मंदिरसमोर रात्र रात्र रांगेत उभी राहिली, ती दोघं शेवटी एकाच मातीत आली. एकाचं ठिकाण अजून सांगता येतं. तेही किती वर्षं? उद्या जागा लागली की तिथेही माती पडेल, आणि पडावीच, नियम सर्वांना सारखा. पण त्याआधी माप तरी घ्या. या वेळी 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायची सोय राहिलेली नाही.

तिसरं गाऱ्हाणं महापालिकेकडे, आणि माझ्या मते मूळ दुखणं हेच आहे. १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा मी नोकरीपुरता वाचलाय. मृतांच्या अंत्यविधीच्या जागांची देखभाल करणं आणि नव्या जागा उपलब्ध करून देणं हे पालिकेच्या बंधनकारक कामांत मोडतं. दिवाबत्ती आणि गटारांच्या पंगतीत ते बसतं, मर्जीच्या कामांत नाही. तरी पूर्व उपनगरांतल्या लोकांना कब्रस्तानाच्या जागेसाठी उच्च न्यायालयात जावं लागलं. विकास आराखड्यात आरक्षण टाकायचं आणि प्रत्यक्ष ताबा घेताना अतिक्रमण, हरकती, शेजारच्या इमारतींची नाकं मुरडणं यांत वर्षं घालवायची, ही पद्धत मी पाहिली आहे. नकाशावर रंग भरलेला असतो, जागेवर भंगाराचं दुकान. नवी जागा मिळाली नाही की ताण जुन्या कब्रस्तानावर येतो आणि तिथे कबरीवर कबर चढते. मग बातमी येते ती विश्वस्तांनी अमक्याची कबर तोडली अशी. पालिकेचं नाव त्या बातमीत नसतं. मला विचाराल तर निम्मा दोष त्या न आलेल्या नावाचा आहे.

आणि यात फक्त नट-नट्यांचंच दुःख नाही. त्या कब्रस्तानात कोण्या शिंप्याची आई असेल, कोण्या रिक्षावाल्याचं तान्हं मूल असेल. त्यांच्यासाठी वर्तमानपत्रात ओळही येत नाही. मी मधुबालांचं नाव घेतो ते माझ्या घराचं त्यांच्याशी नातं जुळलं म्हणून, आणि त्यांच्या नावानं आपण निदान पत्र तरी उघडाल म्हणून. वही केली तर सगळ्यांची करा.

माझ्या मागण्या:

दफनाच्या जुन्या नोंदवह्या जशा आहेत तशा, वाळवी आणि ओल लागण्याआधी, छायाचित्रं काढून दोन ठिकाणी जपा. एक प्रत कब्रस्तानात, एक पालिकेच्या अभिलेखात. त्या उर्दूत असतील तर उर्दूतच राहू द्या, सोबत देवनागरीत यादी करा.

कब्रस्तानाची एकदा रीतसर मोजणी करा आणि ज्या कबरींचं ठिकाण जुने गोरकन, नातेवाईक, जुनी छायाचित्रं यांवरून अजून सांगता येतं त्यांची मापं नकाशावर घ्या. हे सगळ्यात तातडीचं आहे. कागद नसेल तिथे माणसाची आठवण हाच पुरावा, आणि ती माणसं म्हातारी झाली आहेत. माझ्या वडिलांना बादली देणारा आता नाही.

आत शिरताना कुंपणाच्या भिंतीवर, कोणाच्या कबरीवर नाही, नावं आणि सालं लिहा. चित्र नको, शेर नको, 'सौजन्य अमुक तमुक' तर अजिबात नको. काळ्या रंगानं लिहिलेली साधी अक्षरं पुरतील. यालाही धर्माच्या दृष्टीनं हरकत असेल तर नावांची वही फाटकाशी ठेवा, मागेल त्याला दाखवा.

यापुढे एखादी पक्की कबर काढायची झाली तर आधी महिनाभर फाटकावर सूचना लावा, नातेवाईक सापडले तर त्यांना कळवा, आणि मापं घेतल्याशिवाय कुदळ मारू नका.

पालिकेनं पश्चिम उपनगरांत दफनभूमीसाठी आरक्षित असलेल्या जागांची यादी, त्यांतल्या किती ताब्यात आहेत आणि किती प्रत्यक्ष वापरात आहेत, हे प्रसिद्ध करावं. मुस्लिम, ख्रिस्ती, लिंगायत, ज्यांना ज्यांना जमीन लागते त्या सर्वांची. मला आकडे हवेत, निवेदन नको.

सांस्कृतिक कार्य विभागाकडे शेवटचं मागणं, आणि ते फुकटचं आहे. २३ फेब्रुवारीला समाज माध्यमांवर मधुबालांचा हसरा फोटो टाकून 'विनम्र अभिवादन' लिहायचं असेल, तर त्या दिवशी एक माणूस त्या फाटकाशी पाठवा. त्यानं आत जाऊन विचारावं, कुठे आहेत? मिळालेलं उत्तर फोटोखाली छापावं.

हे सगळं करायला माणूस नाही, निधी नाही असं उत्तर येण्याचा संभव आहे, म्हणून आधीच सांगून ठेवतो. मी ६८ वर्षांचा आहे, गुडघा दुखतो, पण डोळा शाबूत आहे. मोजणीचं ईटीएस यंत्र किंवा उपग्रहावरून ठिकाण धरणारा रोव्हर मिळाला तर उत्तम, दोन दिवसांत काम होईल. नाही मिळालं तर माझ्याकडे टेप आहे, लाकडी खुंट्या आहेत आणि ती ३३ फुटी साखळीही आहे, घराच्या माळ्यावर तेल लावून ठेवलेली. उर्दू वाचणारा एक माणूस आणि जुना एखादा गोरकन तेवढा आपण द्यावा. चपला फाटकाबाहेर काढीन, कोणाच्या कबरीवर पाय पडणार नाही एवढं बघीन. भत्ता नको. पावसाळ्याआधी बोलावलंत तर बरं, ओल्या मातीत खुंट्या धरत नाहीत.

कळावे,
आपला,
एक निवृत्त भूकरमापक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई